मोट नव्हे, पाट

काकू रात्रभर त्याचे पाय चोळत होती.

पांझरेच्या काठी, साक्री तालुक्यात आमचं गाव. १९७४ चा उन्हाळा. माझा चुलतभाऊ नऊ वर्षांचा, मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. दिवेलागणीला बैलांना टाकायला म्हणून त्यानं गंजीतून कडब्याची पेंढी ओढली आणि "इच्चू चावना वं माय" असं ओरडत तो ओसरीवर येऊन आदळला. आबांनी कंदील घेऊन गंजीपाशी शोधलं. विंचू लालसर होता, बोटभर लांबीचाही नव्हता. सगळ्यांना हायसं वाटलं. आमच्याकडे धास्ती असायची ती काळ्या, जाड नांग्यांच्या इंगळीची. हा एवढासा लाल विंचू रात्रभर ठणकेल आणि सकाळी पोर विसरून जाईल, असंच सगळे धरून चालले.

अर्ध्या तासात त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. घाम असा सुटला, की बंडी पिळून काढावी. विंचू उतरवणारे बाबा आले आणि लिंबाचा ढाळा खांद्यापासून बोटापर्यंत फिरवू लागले. थोड्या वेळानं त्याचं रडणं थांबलं. ठणका कमी आहे म्हणाला. विंचू उतरला असं ठरलं, माणसं पांगली. काकू तेवढी हलली नाही. पाय गार लागतात म्हणून गोधडीखाली हात घालून ती चोळत बसली.

मध्यरात्रीनंतर तो उठून बसला. त्याला आडवं होववेना. लांबून पळत आल्यासारखा तोंडानं भराभर श्वास घेत होता. मग खोकला आला आणि खोकल्याबरोबर ओठांवर फेस. कंदिलाच्या पिवळ्या उजेडातही कळत होतं, की फेस गुलाबी आहे. पहाटे गाडी जुंपली. गाडी वेशीच्या पुढे गेली नाही.

विंचू चावला बोटाला, मग फेस तोंडातून कसा आला? पुढे जळगावला मी पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. दर वर्षी श्वसनाचा धडा यायचा, फळ्यावर वायुकोशांचा द्राक्षाच्या घडासारखा घोस काढायचो, आणि तो प्रश्न दर वर्षी माझ्या मागे उभा असायचा. त्याचं उत्तर दोन टप्प्यांत सापडलं आहे. एक टप्पा कोपनहेगनमधला, दुसरा कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातला. दोन्ही ठिकाणी एकेक डॉक्टर जोडपं आहे, असं म्हणायचा मोह होतो. पण कोपनहेगनचे ऑगस्ट क्रोघ प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर होत्या त्या त्यांच्या पत्नी मारी. कोकणात मात्र दोघंही डॉक्टर.

आधी आबांच्या मळ्यात जायला हवं, कारण मला हा शोध तिथल्या पाण्यानंच समजला.

पांझरेवर काहीशे वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून फडात पाणी. पाटकरी बारे ठरवतो, मातीचा बांध फोडतो, पुन्हा लिंपतो. पाणी उपसायला मात्र कुणी लागत नाही. उतार आहे तिकडे ते आपलं आपण जातं. विहिरीवरच्या मोटेचं तसं नव्हतं. तिथं बैल लागत, नाडा लागे, धावेवरून पुढे-मागे करत दिवस जाई. पाणी खालून वर आणायचं तर कुणाचा तरी घाम गळणारच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरशास्त्रात हाच वाद पेटला होता. हवेतला प्राणवायू फुप्फुसातून रक्तात जातो, हे सर्वांना मान्य होतं. तो जातो कसा? मोटेनं की पाटानं?

कोपनहेगनचे प्राध्यापक क्रिश्चन बोर म्हणत होते, मोटेनं. ते त्या काळचे मोठे शास्त्रज्ञ, नील्स बोर यांचे वडील. त्यांच्या मते फुप्फुस ही एक ग्रंथी होती; लाळग्रंथी जशी लाळ सोडते तसं फुप्फुस जोर लावून प्राणवायू रक्तात ढकलतं. हे म्हणणं काही हवेतलं नव्हतं. माशांच्या पोटातल्या वाताशयात प्राणवायू खरोखरच असा ढकलून भरला जातो, आणि बोर यांनी त्याचा अभ्यास केला होता. शिवाय त्यांची मोजमापं होती. फुप्फुसातून निघालेल्या रक्तात प्राणवायूचा दाब कधी कधी वायुकोशातल्या हवेपेक्षाही जास्त भरत होता. पाटापेक्षा वावरातलं पाणी उंच! असं असेल तर मधे मोट असलीच पाहिजे.

ऑगस्ट क्रोघ बोर यांच्याच प्रयोगशाळेत घडले. गुरूच्या सिद्धान्ताला बळकटी आणणारी मोजमापं करायला ते बसले आणि आकडे उलटे येऊ लागले. त्यांना शंका आली ती उपकरणाची. रक्त आणि त्याच्याशी तोलायची हवा यांचा मेळ बसायला बोर यांच्या उपकरणात पुरेसा वेळच मिळत नव्हता. क्रोघ यांनी मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा हवेचा बुडबुडा घेतला आणि वाहत्या रक्ताच्या धारेत ठेवला. बुडबुडा एवढा लहान, की बघता बघता त्यातली हवा रक्ताशी समतोल साधते. मग तो बारीक नळीत ओढून घ्यायचा, त्याची लांबी मोजायची, कर्बवायू शोषून घ्यायचा, पुन्हा मोजायची, प्राणवायू शोषून घ्यायचा, पुन्हा मोजायची. ऑगस्ट आणि मारी यांनी हे किती वेळा केलं असेल याची मला कल्पना करवत नाही. दर वेळी एकच निघे: रक्तातला प्राणवायूचा दाब वायुकोशातल्या दाबापेक्षा किंचित कमी. जास्त कधीच नाही.

मोट नव्हतीच. निव्वळ उतार होता.

गुरूच्या विरोधात लिहायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. काही वर्षं हे निष्कर्ष तसेच पडून राहिले. शेवटी १९१० साली त्यांनी सात शोधनिबंध एकदम छापले; घरात त्यांना सात छोटी भुतं म्हणत. त्यांतलं म्हणणं थोडक्यात असं, की फुप्फुसात वायूंची देवाणघेवाण विसरणानं, म्हणजे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप पसरण्यानं होते आणि फक्त विसरणानंच होते. बोर पुढच्याच वर्षी वारले. इंग्लंडमधले शरीरशास्त्रज्ञ हॉल्डेन मात्र पुढे कितीतरी वर्षं मोटेच्या बाजूनं भांडत राहिले. उंच डोंगरावर, जिथं हवा विरळ, तिथं तरी फुप्फुस जोर लावतं, असं त्यांना वाटे. केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० साली काचेच्या बंद खोलीत प्राणवायू कमी करत करत सहा दिवस काढले आणि स्वतःच्या मनगटाची धमनी उघडून रक्त तपासू दिलं. तिथंही उतारच निघाला.

हा उतार केवढा आहे? वायुकोशातल्या हवेत प्राणवायूचा दाब साधारण १०० मिलिमीटर पाऱ्याएवढा, आणि शरीरभर फिरून दमून आलेल्या रक्तात ४०. म्हणून प्राणवायू आत. कर्बवायूचा उतार उलटा, रक्तात ४६ आणि वायुकोशात ४०. फरक फक्त सहाचा. पण कर्बवायू ओल्या पडद्यातून प्राणवायूच्या वीसपट सहज पसरतो, त्याला एवढा पुरतो. तांबडी पेशी वायुकोशाच्या भिंतीशी जेमतेम पाऊण सेकंद असते. तेवढ्यात तिला भरून निघायचं असतं, आणि त्यातल्या पहिल्या एक तृतीयांश वेळातच ती भरते.

मग फुप्फुस करतं काय? मुलांना मी हे सांगायचो तेव्हा वर्ग शांत व्हायचा. फुप्फुस दोनच गोष्टी सांभाळतं: पसारा आणि पातळपणा. कोट्यवधी वायुकोश, एकेक पाव मिलिमीटरच्या आसपास. सगळे उलगडून अंथरले तर साधारण सत्तर चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. दोन खोल्या-स्वयंपाकघराचं अख्खं घर प्रत्येकाच्या छातीत घडी घालून ठेवलेलं असतं. आणि त्या घराच्या भिंतीवर एका वेळी रक्त किती पसरलेलं असतं? एक कपही नाही. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ.

पाट चालतो तो या पातळपणावर. आणि दगा बसतो तोही इथंच.

केशवाहिनी म्हणजे झिरपणारी नळी. तिच्यातल्या रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिनं पाण्याला आत ओढून धरतात. फुप्फुसात ढकलणारा दाब आठ-दहा मिलिमीटर, ओढणारा जोर पंचवीसच्या घरात. म्हणून वायुकोश कोरडे राहतात. पण काही कारणानं केशवाहिन्यांतला दाब पंचवीसच्या वर चढला, तर पाणी आधी पडद्यात मुरतं आणि मग वायुकोशात उतरतं. अर्ध्या मायक्रॉनचं अंतर शेकडो पट होतं. हवेच्या मानानं पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. उतार तोच असतो, हवा तीच असते, छाती जिवाच्या आकांतानं भाता हलवत असते आणि रक्त मात्र रिकामंच परत जातं. त्या पाण्यात हवा घुसळली जाते, फुटलेल्या केशवाहिन्यांतल्या तांबड्या पेशी मिसळतात.

गुलाबी फेस तो हा. पण बोटाला डसलेला विंचू फुप्फुसात पाणी कसं आणतो?

अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका लागतो. हे उत्तर शोधणारे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या देहेड गावचे. गरिबीत, मिळेल ते काम करत शिकले, नागपूरला एमबीबीएस झाले आणि १९७६ साली आताच्या रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू पेंढ्यात, विटांच्या ढिगात, दाराशी काढून ठेवलेल्या चपलेत. दंश झालेली धडधाकट माणसं आणि मुलं केंद्रात येत आणि काही तासांत फेस येऊन जात. गंभीर रुग्णांपैकी तीस ते चाळीस टक्के दगावत. १९६१ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंडले नावाच्या डॉक्टरांनी विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरतं असं लिहून ठेवलं होतं. पण उपाय हाती नव्हता. स्टिरॉइड देत, अँटिहिस्टामाइन देत, अॅट्रोपिन देत. माणूस जायचा तो जायचाच.

मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे असा रुग्ण पोचायचा तो फेसासकट, म्हणजे गोष्टीच्या शेवटच्या पानावर. बिरवाडीत तो पहिल्या पानावर येत होता. बावस्करांनी ते पहिलं पान वाचलं. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, ओकारी, हातापायांचा स्पर्श, सगळं ते नोंदत गेले. त्यातून एक क्रम दिसू लागला. ज्याला दंशाच्या जागी नुसता भयंकर ठणका आहे, तो बहुधा वाचतो. ज्याला ठणका फारसा नाही, पण ओकाऱ्या होतात, घामानं अंग निथळतं, हातपाय गार पडतात, त्याच्या फुप्फुसात पुढच्या काही तासांत पाणी उतरण्याचा धोका असतो. हृदयाच्या या पूर्वसूचना त्यांनी १९८२ साली लॅन्सेटमध्ये मांडल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरची उशाशी बसून केलेली टिपणं जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मी तो क्रम पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या ओसरीवरची रात्र ओळीनं समोर आली. ओकारी, घाम. आणि ठणका कमी झाला म्हणून पांगलेली माणसं.

गार हातपाय ही या कोड्याची किल्ली होती. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. मज्जातंतू पेटत राहतात आणि शरीर अॅड्रिनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर सोडतं. ही द्रव्यं हातापायांच्या, पोटाच्या, साऱ्या शरीराच्या बारीक धमन्या आवळतात. त्वचेला रक्त मिळत नाही म्हणून पाय गार. आबांच्या भाषेत सांगायचं तर खालच्या सगळ्या चाऱ्या कुणीतरी एकदम लिंपून टाकल्या. वरून पाणी येतंच आहे. डावं हृदय बंद दारांवर रक्त आपटत राहतं, थकतं, आणि पाणी मागे तुंबतं. हृदयाच्या मागे फुप्फुस आहे. तिथल्या केशवाहिन्यांतला दाब चढतो, पंचवीसची रेघ ओलांडतो आणि पाटाचा काठ फुटतो.

म्हणजे फुप्फुस बुडत होतं, पण बिघाड फुप्फुसात नव्हता. उपाय करायचा तो चाऱ्यांवर. आवळलेल्या धमन्या सैल करायच्या.

त्यासाठी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं गेलं. ते काम करतं, पण शिरेतून थेंब थेंब द्यावं लागतं, बाटली उजेडापासून झाकावी लागते आणि दर काही मिनिटांनी रक्तदाब बघावा लागतो. थेंब थोडे जास्त झाले तरी दाब कोसळतो. अतिदक्षता विभागाला ते परवडतं. वीज जाणाऱ्या, एकच डॉक्टर असलेल्या आरोग्य केंद्राला कसं परवडणार? मग बावस्कर वळले प्राझोसिनकडे. रक्तदाबाची साधी, स्वस्त, तोंडानं घ्यायची गोळी. ज्या कुलपांत ती द्रव्यं बसून धमन्या आवळतात, नेमकी तीच कुलपं ही गोळी अडवते. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही न सापडणारं औषध. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांनी आपला अनुभव १९८६ साली लॅन्सेटमध्ये मांडला.

त्यांच्या पद्धतीतली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे गोळी कधी थांबवायची याची खूण. रुग्णाला झोपवून ठेवायचं, कारण दाब एकदम उतरू शकतो. ठरावीक तासांनी गोळी द्यायची, आणि हातपाय कोरडे आणि ऊबदार लागेपर्यंत देत राहायची. त्यासाठी यंत्र लागत नाही. तळहात पावलावर ठेवायचा. पाऊल ऊबदार झालं म्हणजे चाऱ्या उघडल्या, तुंबलेलं पाणी खाली उतरलं, आणि तिकडे छातीत पडदा पुन्हा पातळ होऊ लागला.

गंभीर रुग्णांमधल्या मृत्यूंचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. पुढे हाफकिन संस्थेचं विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आलं. बावस्कर दांपत्यानं महाडमध्ये ७० रुग्णांवर चाचणी केली: निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ आणि नुसत्या गोळीवरचे ३५ पैकी ८. हे २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. आपली गोळी एकटी पुरेशी आहे असा हट्ट न धरता त्यांनी ती स्वतःच दुसऱ्या औषधाशेजारी तोलून पाहिली. ऑगस्ट आणि मारी क्रोघ यांच्या बुडबुड्याशी याचं नातं मला फार जवळचं वाटतं. हिंमतरावांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

खानदेशात आजही कडब्याच्या गंज्या आहेत, काड्यांचे भारे आहेत, धाब्याची घरं आहेत. विंचू चावल्यावर ओकारी, दरदरून घाम, गार हातपाय यांपैकी काहीही दिसलं, तर ठणका कमी झाला म्हणून घरी थांबू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा. हे मी वर्गात सांगत आलो, आता इथं सांगतो.

काकू ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा ओसरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. पाट, चाऱ्या, तुंबलेलं पाणी. फुप्फुस, केशवाहिनी असले शब्द वापरले नाहीत, आणि ते लागलेही नाहीत. ती मधे एकदाही बोलली नाही. कोकणातले डॉक्टर रुग्णाच्या पावलावर हात ठेवून बघत, हे सांगितलं तेव्हा मात्र तिनं वर पाहिलं.

"पाय गार व्हतात त्याना," ती म्हणाली.

आणि मांडीवरचे दोन्ही हात ती एकमेकांवर चोळू लागली.